रमची जेली आणि लॅचची चावी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी ११

आजपासून रोजनिशी. घरात कोणाशी बोलण्यात अर्थ उरलेला नाही आणि कुठेतरी नोंद राहिली पाहिजे.

श्रुतिकाने पोहे खाता खाता जाहीर केलं की तीस तारखेला ती अंधेरीला राहायला जाते आहे. मरोळला. तिच्या ऑफिसातली ऋतिका आणि ती, दोघींनी मिळून फ्लॅट भाड्याने घेतलाय. विचारलं नाही, सांगितलं. लिंक रोडवर येण्याजाण्यात रोजचे चार तास जातात म्हणे. जाऊ देत. तिचे आजोबा याच भांडुपमधून परळच्या मिलमध्ये पंधरा वर्षं जात होते. त्यांनी परळला फ्लॅट घेतला नाही.

माझं काही म्हणणं नाही. मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. मी फक्त एवढंच म्हटलं की पोह्यांत मीठ कमी आहे. मालन म्हणाली, मीठ बरोबर आहे.

संकल्प: या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. चेहरा नॉर्मल ठेवायचा. शुगर तपासून घ्यायची.

संध्याकाळी ६

आणखी एक. एकोणतीसला, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी, तिच्या दहा-बारा मित्रमैत्रिणींची पार्टी. आमच्या घरी! आणि मला विचारते, बाबा, तू त्या संध्याकाळी माधुरीआत्याकडे मुलुंडला जाशील ना, तुला उगाच आवाजाचा त्रास. आईने मात्र राहायचं. आईला आवाजाचा त्रास होत नाही वाटतं.

मी म्हटलं, घर माझ्या नावावर आहे. ती म्हणाली, बाबा, आईच्याही नावावर आहे. खरं आहे, पण तो मुद्दा नव्हता.

मुलुंडला जाणार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मार्ग सापडला. जेली शॉट.

फोनवर व्हिडिओ आला. दारू घातलेली जेली छोट्या छोट्या कपांत लावायची आणि एका घासात गट्टम करायची. हल्लीच्या पार्ट्यांत हेच चालतं. व्हिडिओतल्या मुलीला धड चमचा धरता येत नव्हता, तरी तिला लाखो लोक बघतात. आणि इथे मी, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये एकतीस वर्षं असिस्टंट. प्राध्यापक आले आणि गेले, लॅब मी चालवली. डिस्टिलेशनचा सेट दरवर्षी मीच लावायचो. पाणी शंभर अंशाला उकळतं, अल्कोहोल अठ्ठ्याहत्तरला. मला झोपेतून उठवून विचारा.

जेवताना जाहीर केलं की पार्टीचे जेली शॉट मी करणार. कोकम आणि रम. साठ कप. श्रुतिकाचा घास हातातच राहिला. मग हसू दाबत म्हणाली, बाबा, तू? मी म्हटलं, मीच, आणि जो बार सांभाळतो तो मुलुंडला जात नसतो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, चालेल, पण जमलं नाही तर गुपचूप आत्याकडे, डील?

डील.

मालनने विचारलं, तुमका शेवटची चढली कधी होती? प्रश्न अप्रस्तुत आहे. दर धुळवडीला मी एक पेग घेतो. दुसरा घेत नाही तो संयम म्हणून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जिलेटिन आणलं. रम आणली. दुकानदाराने कागदात गुंडाळून दिली, मी कागद काढून हातात धरून आणली. आपण काही चोरी करत नाही. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश भेटले, बाटलीकडे बघून म्हणाले, काय परब, जोरात? मी म्हटलं, प्रयोग आहे.

साडेआठला श्रुतिका आली. लॅच वाजलं. मी टीव्हीचा आवाज कमी केला. बातम्या हल्ली ऐकवत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली चाचणी. जिलेटिन, रम, साखर आणि ताजा अननस बारीक चिरून. अननसाची आयडिया माझी, व्हिडिओत नव्हती. काल दुपारी फ्रिजमध्ये ठेवलं, आज दुपारी पाहिलं तर नुसतं पाणी.

कारण उघड आहे. मालन दिवसातून वीस वेळा फ्रिज उघडते. कधी कोथिंबीर, कधी विरजण, कधी उगाच. तापमान असं वरखाली झालं तर कुठलाही प्रयोग फसणार. तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मगे ह्याच फ्रिजात बर्फ कसो जमता?

एवढा माल फेकणं बरं नाही म्हणून अर्धी वाटी पडताळणीसाठी घेतला. बरा होता.

रमचा वास आला की मला आमचे बाबा आठवतात. राजाराम परब. घरात आठवड्याला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन पेपर कुठे आहे याबद्दल. मला लॅबमध्ये नोकरी लागली त्या संध्याकाळी दोन ग्लास पोटात गेल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पोरगो माझो साहेब झालो. सकाळी मी विषय काढला तर म्हणाले, मी खय काय बोललंय? दारू बोलली असतली.

आमच्या घराण्यात पद्धतच ती. आम्ही बोलत नाही, दारू बोलते. पण त्याचा इथे संबंध नाही. मी पार्टीसाठी एक पदार्थ करतो आहे, एवढंच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी चाचणी. बाजारात अननस नव्हता म्हणून अननसाशिवाय. जेली लागली! घट्ट. मालनने फ्रिज तेवढ्याच वेळा उघडला होता, पण या वेळी माझी नजर होती.

छोटीशी अडचण. कपांऐवजी मी जेली परीक्षानळ्यांत लावली होती. रिटायर झालो तेव्हा लॅबने स्टँडसकट चोवीस नळ्या भेट दिल्या होत्या, त्या बारा वर्षांच्या कपाटवासानंतर कामाला येतील असं वाटलं. दिसायला झकास. फक्त जेली बाहेर येईना. उलटी केली, आपटली, गरम पाण्यात धरली तर वितळून शर्टावर आली.

शेजारचा प्रबुद्ध बघायला आला होता. माझ्याच कॉलेजात फिजिक्स लॅबला होता, आता भिंतीला भिंत लागून राहतो. दारूला शिवत नाही, पण मत देतो. म्हणाला, नंदू, नळीत हवा आत जायला जागाच नाही, ती येणार कशी? फिजिक्सवाल्यांना प्रत्येक गोष्टीत हवा दिसते.

तेवढ्यात श्रुतिका आली. आईची विणायची सुई घेऊन नळीतली जेली टोचून काढायला बसली. एक तुकडा उडून प्रबुद्धच्या चष्म्यावर बसला आणि ती हसता हसता जमिनीवरच बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी मोजत नाही, पण नऊ तारखेनंतर ती माझ्यासोबत पहिल्यांदा हसली.

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, नळी फोडू नकोस.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वाट लागली.

उद्या गुरुवार आणि अमावस्या, परवापासून मार्गशीर्ष. म्हणून आज सुरमई. ताटात महिन्याभराची शेवटची तुकडी वाढता वाढता मालनने विचारलं की ते जिलेटिन कशापासून करतात. मला खोटं बोलता येत नाही. शिवाय मला ज्ञान लपवणं आवडत नाही. म्हटलं, जनावरांच्या हाडांपासून, कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं, ते उकळलं की...

पुढचं तिने ऐकलं नाही. मार्गशीर्षात हाडांचा पीठ माझ्या फ्रिजात ठेवचा नाय. संपला विषय. मी म्हटलं, आत्ता याक्षणी तू सुरमईचा काटा काढते आहेस. ती म्हणाली, आज बुधवार आसा.

मी रमचं काय म्हणून विचारलं. रम उसापासून होते, पूर्ण शाकाहारी. ती म्हणाली, रम पोरांची, पार्टी आपल्या चेडवाची, फ्रिज माझो. गुरुवारी लक्ष्मी मांडलेली असताना दारूचो थेंब घरात दिसता नये, शनिवारी काय तां करा. आणि जेली व्हयी तर चायनाग्रासची करा.

मी या घरात तेहतीस वर्षं ऐकून घेत आलोय. या वेळी ठाम राहिलो. म्हटलं, चायनाग्रासच वापरणार होतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

तिसरी चाचणी. चायनाग्रास. समुद्री शेवाळापासून होतं, पांढऱ्या दोऱ्यांसारखं दिसतं. नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, चांगलं उकळावं लागतं. उकळलं. कोकमाचं आगळ घातलं. गॅस बंद केला. मग फ्रिजमधली गार रम ओतली आणि भांड्यात गुठळ्याच गुठळ्या. वर रम, खाली कोकमाचे गोळे.

प्रबुद्ध म्हणाला, गार रम ओतल्यामुळे ते जागच्या जागी गोठलं, रम आधी कोमट करून शेवटी घाल आणि लगेच उतरव.

कोमट! अर्धवट उपाय मला मान्य नाहीत. गार रम घालून गुठळ्या होत असतील तर रम गारच का ठेवायची? पहिल्यापासून सगळं एकत्र टाकून खळाखळा उकळायचं. चहात दूध वेगळं कोमट करून कोणी घालतं का? तिथे तर आपण सगळं एकत्रच उकळतो आणि त्याने भांडुप चालतं.

प्रबुद्ध काहीतरी म्हणायला लागला. मी त्याला चहा दिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. हॉलमध्ये घट मांडलाय, नारळाला मुखवटा, वेणी. पार्टीसाठी आणलेल्या रमच्या दोन नव्या बाटल्या प्रबुद्धच्या घरी हलवल्या आहेत. आयुष्यात कधी न पिणाऱ्या माणसाच्या देवळीशेजारच्या कपाटात दोन बाटल्या. त्याच्या बायकोने, सुनंदाने, लगेच कपाटाला कुलूप लावलं.

आरतीनंतर श्रुतिकाने पर्समधून लॅचची चावी काढली. आमच्या लॅचला तीन चाव्या. एक माझी, एक मालनची, एक तिची. तिच्या चावीला कासवाची कीचेन आहे, आठवीच्या सहलीतून आणलेली, एक पाय मोडका. ती म्हणाली, ही सुगंधाताईंना दे, आईला गुडघे दुखत असताना त्यांच्यासाठी दार उघडायला उठावं लागतं, मला आता रोज कुठे लागणार आहे.

सुगंधाबाई रोज सकाळी कामाला येतात. मुद्दा बरोबर होता. मालनचे गुडघे दुखतात हेही खरं.

मी म्हटलं, ठेव. अंधेरीला भांडुपची चावी कशाला लागते?

तिने टेबलावर ठेवली. मी थोडा वेळ टीव्ही पाहिला. मग चावी खिशात टाकली. सुगंधाबाईंना सध्या देणार नाही. त्या विसराळू आहेत.

चेहरा नॉर्मल होता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी ४

मोठा दिवस. साहित्य: दोन बाटल्या रम, आगळ, साखर, चायनाग्रास दुप्पट, कारण मला परत गुठळ्या-पाणी असला तमाशा नको. मोठं पातेलं. सगळं एकत्र. गॅस फुल्ल.

दुपारी ४.४०

अप्रतिम वास सुटलाय. स्वयंपाकघर, हॉल, जिना, सगळीकडे रम. मालनने उदबत्ती लावली, खिडक्या उघडल्या आणि बहिणीशी फोनवर बोलायला गच्चीत गेली. तिसऱ्या मजल्यावरून एक गृहस्थ विचारून गेले की परबांकडे काही आहे का. चंद्रप्रकाशांनी इंटरकॉमवर सांगितलं की लिफ्टमध्येसुद्धा येतोय. मी म्हटलं, अजून उकळतंय.

एवढा वास म्हणजे माल जोरदार आहे.

संध्याकाळी ५.१५

प्रबुद्ध आला. दारातच उभा राहून म्हणाला, नंदू, अरे वास एवढा बाहेर येतोय म्हणजे... मी म्हटलं, प्रबुद्ध, तुला सवय नाही, तुला नुसत्या वासाने गरगरेल, घरी जा. गेला. चांगला माणूस आहे, पण शेवटी फिजिक्स.

पातेल्यातलं अर्धं आटलं. म्हणजे दुप्पट स्ट्राँग. आणखी दहा मिनिटं ठेवतो.

संध्याकाळी ७

साठचे बेचाळीस कप झाले. हरकत नाही, स्ट्राँग आहेत. लगेच लागले. बोटाने दाबलं तर उडी मारतात. एकही गुठळी नाही. व्हिडिओतल्या मुलीला पाठवावंसं वाटतंय.

मुलुंडचा विषय संपला. माधुरीला फोन करून कळवलं की मी येत नाही. ती म्हणाली, तू येणार होतास?

२९ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी ५.३०

इस्त्रीचा शर्ट. कप ट्रेमध्ये. ट्रेवर चिठ्ठी लावली: प्रत्येकी दोनच. जबाबदारी आपली. माझं स्वतःचं प्रमाण एक. फार तर दोन. यजमानाने शुद्धीत असलं पाहिजे.

संध्याकाळी ७.४५

बारा जण आले. मालनने साबुदाणा वडे, मटार करंज्या केल्यात. मुलं कोंबडी शोधत होती, मार्गशीर्ष म्हटल्यावर वड्यांकडे वळली. पहिला कप मी श्रुतिकाला दिला. तिने खाल्ला. डोळे मिटले. मग उघडून माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, कसं काय? म्हणाली, बाबा, खतरनाक आहे.

मग सगळ्यांच्या कानात जाऊन काहीतरी सांगत फिरली. इशारा देत असणार. समंजस आहे.

रात्री ८.३०

स्वयंपाकघरात येऊन घाईत लिहितोय. जबरदस्त परिणाम! ऋतिका दोन कपांतच भिंत धरून चालायला लागली. एक मुलगा फ्रिजला सॉरी म्हणाला. सुयोग नावाचा पोरगा आहे, बुलेटवरून आलाय, एरवी बाईक असली की घेत नाही म्हणे, तो मात्र दहावा कप खातोय. त्याचं हेल्मेट मी तांदळाच्या डब्यामागे लपवलं.

मी चार खाल्ले. प्रमाण बदलावं लागलं, कारण एकात काही कळेना. आता कळतंय. कान गरम. पाय हलके. अक्षर बघा कसं येतंय.

चावी खिशात आहे. उगाच आहे.

अजून दोन खातो आणि बाहेर जातो.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी ९

डोकं जड. तोंड कडू. लिंबूपाणी. याला म्हणतात हँगओव्हर.

काल काय झालं मला काहीही आठवत नाही.

एवढंच अंधुक आठवतं की मी हॉलमध्ये मधोमध उभा राहिलो आणि गाणं बंद करायला सांगितलं. आणि म्हणालो की ही अंधेरीला चाललीय याचं मला वाईट वाटतं. मग म्हणालो, फार वाईट वाटतं. रोज साडेआठला लॅच वाजतं तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी करतो, तो बातम्यांना कंटाळून नाही, ही चपला काढताना आईशी काय बोलते ते ऐकायला. आता सोमवारपासून साडेआठला मी काय करायचं ते कोणीतरी मला सांगा. मग म्हणालो की हिने सांगितलं तेव्हा पोह्यांत मीठ बरोबर होतं.

मग खिशातून कासव काढून तिच्या हातात ठेवलं. सुगंधाबाईंसाठी दुसरी चावी करून घेऊ. ही तुझी आहे. ही परत करायची नसते, अंधेरी काय, अमेरिकेला गेलीस तरी.

त्यानंतर मी रडलो. तेही बहुतेक नाक शिंकरून, मोठ्याने. श्रुतिकाही रडली. सुयोगसुद्धा रडत होता, त्याचं काय होतं माहीत नाही.

बाकी खरंच काही आठवत नाही.

दारू बोलली. मी नव्हे. त्यामुळे या प्रकाराचं स्पष्टीकरण देण्याची मला गरज वाटत नाही.

एक गंभीर बाब: सुयोगने एकूण चौदा कप खाल्ले आणि तरी पोरांनी त्याचं हेल्मेट शोधून दिलं. मी जिन्यापर्यंत अडवायला गेलो. श्रुतिका म्हणाली, जाऊ दे बाबा, त्याला काही होत नाही. बुलेट सरळ रेषेत गेली. आजच्या पिढीची ताकद कमाल आहे.

दुपारी १

टेम्पो आला. दोन बॅगा, गादी, पुस्तकं, तिचा छोटा पंखा. मी टेम्पोवाल्याला पंखा कसा धरायचा ते सांगितलं. जाताना श्रुतिकाने माझा हात धरला आणि म्हणाली, बाबा, काल तू जे बोललास ना... मी म्हटलं, काल मी शुद्धीत नव्हतो, कालचं सोड.

ती गालातल्या गालात हसली. म्हणाली, हो रे, फार चढली होती तुला. आणि कासव बोटात फिरवत जिना उतरली.

माझं काही म्हणणं नाही.

१ डिसेंबर, सोमवार, सकाळी ८

डोकं हलकं. नवीन संकल्प. दारू कायमची बंद. पेलत नाही. सहा कपांत माणूस बारा लोकांसमोर उघडा पडतो. उरलेले तीन कप संध्याकाळी बेसिनमध्ये ओतून टाकणार.

संध्याकाळी ५

लिहायला हात होत नाही, पण लिहितो. नोंद राहिली पाहिजे.

चारला चहाला उठलो. स्वयंपाकघरात मालन. जिने तेहतीस वर्षांत बाटलीला पदरसुद्धा लागू दिला नाही, जी मार्गशीर्ष करते, ती मालन उभ्या उभ्या चमच्याने जेली शॉट खात होती. दोन कप रिकामे. तिसरा अर्धा. मी ओरडलो. कप ओढून घेतला.

ती शांतपणे चमचा चाटत म्हणाली, कित्याक ओरडतास? ह्यात काय आसा? कोकमाचा सरबत घट्ट झालेला. शनिवारी पहिलो कप खाऊनच श्रुतिकान सगळ्यांका सांगल्यान, ह्यात थेंब नाय, पण बाबाक सांगू नकात. पोरा मगे मुद्दाम झोकांड्यो खायत होती. मीया पण पाच खाल्लंय.

मी म्हटलं, शक्य नाही. मला चढली होती. कान गरम झाले होते. ती म्हणाली, पंख्याखालना स्वयंपाकघरात गेलास, तुमका उकाडलेला.

मी हँगओव्हरचा पुरावा दिला. ती म्हणाली, सहा कप साखर खाल्लास, शुगर कोण तपासतलो?

शेजारी प्रबुद्धकडे गेलो. तो दार उघडतानाच कानकोंडा झाला. म्हणाला, नंदू, मी शुक्रवारी तेच सांगायला आलो होतो. वास बाहेर येतोय म्हणजे मालच बाहेर जातोय. तासभर उघड्या पातेल्यात उकळल्यावर काय राहणार? त्या दिवशी तू सोडून अख्ख्या बिल्डिंगला थोडी थोडी मिळाली.

मग हळूच म्हणाला, अठ्ठ्याहत्तर ना रे?

अठ्ठ्याहत्तर. मी एकतीस वर्षं सांगितलेला आकडा. मला झोपेतून उठवून विचारा. जागेपणी विचारू नका.

संध्याकाळी ७

म्हणजे हिशेब असा होतो. शनिवारी त्या हॉलमध्ये मी पूर्ण शुद्धीत होतो. एक थेंब नव्हता. जे बोललो ते मीच बोललो. मालनला माहीत होतं, पोरांना माहीत होतं. श्रुतिकाला सगळ्यात आधी माहीत होतं. मी लॅच, टीव्ही, मीठ असं सगळं सांगत होतो आणि ती डोळे पुसत होती, तेव्हा समोर दारुडा नाही, बाप उभा आहे, हे तिला ठाऊक होतं. आणि काल ती निघताना मी ते नाकबूल केलं, तेव्हा ती हो म्हणाली.

आमच्या घराण्यात हे शुद्धीत बोललेला मी पहिलाच माणूस आहे. आणि तोही चुकून.

बाबा असते तर सकाळी म्हणाले असते, मी खय काय बोललंय. मलाही तसंच म्हणायचंय. पण आता नाव घ्यायला दारूच उरली नाही.

उरलेला अर्धा कप खाल्ला. खरंच काही नाही त्यात. कोकम. जरा रबरासारखं लागतं.

संकल्प: मला कळलंय हे श्रुतिकाला कळू द्यायचं नाही. प्रबुद्धला तसं सांगून ठेवलं. मालनला सांगण्यात अर्थ नाही.

रात्री ८.४०

साडेआठला टीव्हीचा आवाज आपोआप कमी केला. मग लक्षात आलं. वाढवला नाही.

दोन मिनिटांनी फोन वाजला. श्रुतिका. ऑफिसमधून वीस मिनिटांत घरी पोचली म्हणे. मागे चपला काढल्याचा आवाज आला, मग कुठेतरी चाव्या ठेवल्याचा. ऋतिकाला काहीतरी म्हणाली, ते मी नीट ऐकून घेतलं. मग मला विचारलं, काय बाबा, उतरली का तुझी?

म्हटलं, अजून नाही.